एकाच कोपऱ्यातले तारे लांबट: सेन्सर टिल्ट आहे हे ओळखायचं कसं आणि काढायचा कसा?

रात्रपाळी

मंडळी, छोट्या चौकोनी सेन्सरवरून (११.३ × ११.३ मिमी) मोठ्या एपीएस-सी सेन्सरच्या (२३.५ × १५.७ मिमी) कॅमेऱ्यावर आल्यापासून एक त्रास सुरू झाला आहे. दुर्बीण ८० मिमीची रिफ्रॅक्टर (भिंगांची), नाभीय अंतर ४०० मिमी, म्हणजे एफ/५. मागे फ्लॅटनर (कडेपर्यंत फोकस सपाट ठेवणारं भिंग), त्याच्यापासून सेन्सरपर्यंत ५५ मिमी, मोजून स्पेसर (अंतर राखणाऱ्या कड्या) लावलेले. पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचे.

फ्रेमच्या मध्यभागी तारे गोल आणि बारीक. उजवीकडे खालीही चालतील असे. पण डावीकडे वर गेलं की सुजतात आणि लांबट होतात. सगळ्या फ्रेममध्ये तोच कोपरा. जुन्या कॅमेऱ्यावर हे कधी दिसलं नव्हतं. मग नवा कॅमेराच वाकडा आला असं समजायचं का? त्याच्या तोंडाशी टिल्ट प्लेट (सेन्सरचा तिरपेपणा, म्हणजे टिल्ट, स्क्रूंनी काढायची चकती) आहे, तिचे स्क्रू फिरवायला हात शिवशिवताहेत.

दुर्बिणकर

हात खिशात ठेवा तूर्तास. :)

जुन्या कॅमेऱ्यावर दिसत नव्हतं म्हणजे तेव्हा नव्हतं असं होत नाही. तुमच्या जुन्या सेन्सरचा कर्ण १६ मिमी, नव्याचा सव्वाअठ्ठावीस. कोन तेवढाच राहिला तरी कोपऱ्याशी होणारा फोकसचा फरक पावणेदोन पटीच्या वर जातो. जे आधी झाकलेलं होतं ते आता उघडं पडलं असेल. त्यामुळे कॅमेऱ्यावर आरोपपत्र दाखल करायची घाई नको.

आधी दोन गोष्टी द्या. एक, स्टॅक केलेलं (अनेक फ्रेम एकत्र करून बनवलेलं) चित्र नको, एकच कच्ची फ्रेम. स्टॅकिंगमध्ये अलाइनमेंटचे दोष मिसळतात आणि मग काय कशामुळे ते कळत नाही. दोन, तीच फ्रेम ५ सेकंदांची, गाइडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण सतत सावरणं) बंद ठेवून. शक्यतो डोक्यावरचा, ताऱ्यांनी गच्च भरलेला भाग. हंस नाहीतर शर्मिष्ठेच्या आसपासची आकाशगंगा उत्तम. तेजोमेघ नको, सॉफ्टवेअर त्यातल्या गाठींनाही तारे समजतं.

अंधारवेडा

दुर्बिणकरांना +१. ५ सेकंदांच्या फ्रेममागचं कारण सांगून ठेवतो. लांबट ताऱ्यांचे आरोपी बरेच असतात, पण प्रत्येकाची खूण वेगळी.

सगळ्या फ्रेमभर तारे एकाच दिशेला लांबट असतील तर मामला ट्रॅकिंग, गाइडिंग किंवा वाऱ्याचा. त्याचा सेन्सरशी संबंध नाही. ध्रुवीय जुळणी (दुर्बिणीच्या स्टँडचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) चुकलेली असेल आणि गाइडिंग चालू असेल, तर गाइड तारा जागेवर राहतो आणि बाकीचं आकाश त्याच्याभोवती फिरतं. लांब एक्स्पोजरला त्याच्यापासून दूरच्या कोपऱ्यात कमानी दिसतात. हे दोन्ही ५ सेकंदांत जवळजवळ गायब होतात. टिल्ट मात्र होणार नाही, तो ५ सेकंदांतही तेवढाच आणि ५ मिनिटांतही तेवढाच.

चारही कोपरे सारखेच बिघडलेले असतील तर बॅकफोकस, म्हणजे फ्लॅटनर ते सेन्सर अंतर चुकलंय. मध्यभागीसुद्धा ताऱ्यांना एका बाजूला शेपटी असेल तर कॉलिमेशन, म्हणजे भिंगांची किंवा आरशांची एका अक्षावरची जुळणी, बिघडलंय. तारे त्रिकोणी दिसत असतील, विशेषतः थंडी वाढल्यावर, तर भिंगाची कडी आवळली गेली आहे. एक बाजू किंवा एक कोपरा बिघडलेला आणि समोरचा बरा, तेव्हाच टिल्टचा संशय घ्यायचा.

खगोलखोर

एवढा खटाटोप कशाला? ब्लरएक्सटर्मिनेटर या चित्र सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'करेक्ट ओन्ली' करा, एका क्लिकमध्ये कोपरे गोल. मी तर वर्षभर तेच करतोय.

दुर्बिणकर

करा की, मीही वापरतो. पण सुजलेल्या कोपऱ्यात ताऱ्याचा प्रकाश जास्त पिक्सेलांवर पसरलेला असतो. ठळक तारा सॉफ्टवेअर आवरून देईल. जो फिकट तारा पसरून पार्श्वभूमीच्या गोंगाटाखाली गेला, तो कुठून आणणार? आणि दूरच्या दीर्घिकांसारखं बारीक काही त्या कोपऱ्यात असेल तर तेही पुसट झालेलं असतं. उरलासुरला दोष पुसायला सॉफ्टवेअर छान आहे, पण मूळ दुखण्यावर तो इलाज नाही.

खगोलखोर

भापो (भावना पोचल्या). पण स्क्रूच्या नादी लागून आधी होतं तेही घालवलेले लोक पाहिलेत, म्हणून म्हटलं.

रात्रपाळी

काल आकाश मिळालं. शर्मिष्ठेजवळ, ५ सेकंद, गाइडिंग बंद. कोपरा तसाच आहे. मध्यभागी तारे गोलच. पिक्सइनसाइट सॉफ्टवेअरने काढलेली एक्सेन्ट्रिसिटी (लांबटपणाचं माप, ० म्हणजे अगदी गोल) मध्यभागी ०.४ च्या आत, डाव्या वरच्या कोपऱ्यात ०.६ च्या पुढे.

अंधारवेडा

०.६ म्हणजे ताऱ्याची आखूड बाजू लांब बाजूच्या ८० टक्के. डोळ्याला सहज कळणारच. ०.४२ च्या आत असेल तर तारा गोलच वाटतो.

ट्रॅकिंग सुटलं आरोपातून. आता दुसरी चाचणी, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली हीच सगळ्यात महत्त्वाची: कॅमेरा फिरवा. दुर्बीण आहे तशी ठेवून कॅमेरा १८० अंशांत फिरवा, पुन्हा फोकस करा, पुन्हा तशीच फ्रेम घ्या.

वाईट कोपरा फ्रेममध्ये त्याच जागी, म्हणजे डावीकडे वरच राहिला, तर दोष कॅमेऱ्याबरोबर फिरला. तो कॅमेऱ्यात किंवा त्याच्यासोबत फिरणाऱ्या भागात आहे. वाईट कोपरा उजवीकडे खाली गेला, तर दोष दुर्बिणीला चिकटून राहिला: फोकसर (फोकससाठी आत-बाहेर सरकणारी नळी) वाकडा, भिंग वाकडं, काहीतरी तिकडचं. त्या वेळी कॅमेऱ्याची टिल्ट प्लेट फिरवून तात्पुरतं चित्र सुधारेलही, पण पुढच्या वेळी फ्रेमिंगसाठी कॅमेरा फिरवलात की दुप्पट बिघडेल. टिल्ट प्लेटला हात लावायचा नाही तो याचसाठी.

मृगशीर्ष

यात एक मेख आहे. फिरवताय कुठल्या सांध्यावर? फोकसरपाशी फिरवलात तर फ्लॅटनर, स्पेसर, फिल्टर ड्रॉवर (फिल्टर बसवायचा कप्पा), कॅमेरा अशी सगळी वरात फिरते. मग 'कॅमेऱ्याकडचा दोष' म्हणजे या सगळ्यांपैकी कुणाचाही. शक्य असेल तर फ्लॅटनरच्या मागे, कॅमेऱ्याच्या जवळच्या सांध्यावरही फिरवून बघा.

आणि फोकसरमध्ये सगळं नुसत्या अंगठा-स्क्रूवर धरलेलं असेल तर आधी तेच बदला. एका बाजूने दाबणारा स्क्रू नळीला पलीकडच्या भिंतीवर रेलवतो, तिथेच तिरपेपणा येतो. आट्यांचा जोड सगळ्यात भरवशाचा, तो जमत नसेल तर निदान कॉम्प्रेशन रिंग.

रात्रपाळी

जोड आट्यांचाच आहे, एम४८. फोकसरच्या रोटेटरवर १८० अंश फिरवलं: वाईट कोपरा डावीकडे वरच. मग फ्लॅटनरच्या मागे एक पातळ वॉशर घालून कॅमेरा साधारण पाव वळसा फिरलेल्या स्थितीत आवळला: तरीही डावीकडे वरच. म्हणजे कॅमेरा आणि त्याच्या तोंडाशी लावलेला फिल्टर ड्रॉवर, एवढ्यातच दोष आहे ना?

अंधारवेडा

हो. ड्रॉवर काढून एक फ्रेम घ्या, तेवढीच लांबी दुसऱ्या स्पेसरने भरून. कोपरा तसाच राहिला तर कॅमेराच.

ध्रुवबाळ

मध्येच घुसतोय, माफी. माझी न्यूटोनियन (आरशांची दुर्बीण) आहे, एफ/४, कोमा करेक्टरसह (कडेचे तारे सुधारणारं भिंग). एक बाजू नेहमी वाईट. हीच चाचणी चालेल का?

मृगशीर्ष

चालेल, पण न्यूटोनियनमध्ये बहुतेक वेळा दोष दुर्बिणीकडेच निघतो. फोकसर नळीला काटकोनात नसतो, दुय्यम आरसा थोडा सरकलेला असतो, किंवा नळीचा पत्रा कॅमेऱ्याच्या वजनाने फोकसरपाशी लवतो. कॉलिमेशन चुकलं की प्रकाशीय अक्ष सेन्सरच्या मध्यावर येत नाही आणि चित्र हुबेहूब टिल्टसारखं दिसतं. म्हणून तुमच्याकडे क्रम उलटा: आधी कॉलिमेशन, मग टिल्ट.

लवण्याची चाचणी सगळ्यांसाठीच सांगतो. एक फ्रेम पूर्वेकडे, एक मेरिडियन फ्लिपनंतर (दुर्बीण स्टँडच्या दुसऱ्या बाजूला उलटवल्यावर) पश्चिमेकडे. कॅमेरा आणि दुर्बीण यांचा एकमेकांशी जोड बदललेला नसतो, फक्त गुरुत्वाकर्षणाची दिशा बदललेली असते. वाईट कोपरा बदलला तर काहीतरी सैल आहे किंवा लवतंय. असल्या टिल्टला कुठलीही प्लेट कायमची जुळवता येत नाही.

रात्रपाळी

ड्रॉवर काढून पाहिला. कोपरा जिथल्या तिथे. फ्लिपच्या आधी आणि नंतरही तोच. आता तरी खिशातून हात काढू का?

दुर्बिणकर

काढा, पण अंदाजाने नाही, आकड्यांनी. ताऱ्यांचा आकार बघून स्क्रू फिरवणारे रात्रभर फिरवत बसतात, कारण आकारावरून कोपरा फोकसच्या अलीकडे आहे की पलीकडे ते कळत नाही. चारही कोपऱ्यांचं फोकस स्वतंत्रपणे मोजायचं.

निना या कॅमेरा चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हॉकस फोकस प्लगइनचा अ‍ॅबरेशन इन्स्पेक्टर आहे, तो एकाच ऑटोफोकस फेरीत प्रत्येक कोपऱ्याचा फोकसबिंदू वेगळा काढून देतो. अ‍ॅस्टॅप आणि सिरिल या सॉफ्टवेअरांमध्येही टिल्ट दाखवायची सोय आहे, पण ती एका फ्रेममधल्या ताऱ्यांच्या आकारावरून. 'टिल्ट आहे' एवढं सांगायला ती पुरेशी, दिशा ठरवायला फोकसचे आकडेच लागतात.

तुमच्या फोकसरच्या मोटरचं एक पाऊल किती मायक्रॉनचं ते माहीत आहे का? नसेल तर ५००० पावलं चालवा आणि नळी किती सरकली ते व्हर्नियरने मोजा. मग ऑटोफोकसच्या तीन-चार फेऱ्या घेऊन सरासरी काढा, एका फेरीत दोन-तीन पावलांचा हेलकावा असतोच.

रात्रपाळी

५००० पावलांत २० मिमी, म्हणजे एक पाऊल ४ मायक्रॉन. आकडा वाढला की नळी बाहेर येते. सरासरी अशी:

डावा वर १२४१२
उजवा वर १२४०५
डावा खाली १२३९८
उजवा खाली १२३९१
मध्य १२४०८

दुर्बिणकर

झकास, हे आकडे बोलके आहेत.

डावा वर आणि उजवा खाली यांच्यात २१ पावलं, ८४ मायक्रॉन. एफ/५ ला फोकसची सहनशील जाडी किती? नेहमीचं सूत्र ४.८८ × तरंगलांबी × एफ-संख्येचा वर्ग. हिरवा प्रकाश ०.५१ मायक्रॉन धरला तर साधारण ६२ मायक्रॉन, म्हणजे मधल्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना ३१. तुम्ही अगदी मधोमध फोकस केलंत तरी टोकाचे कोपरे ४२ वर आहेत, हद्दीबाहेर. ऑटोफोकस मध्याच्या बाजूला ओढलं गेलं की एक कोपरा आणखी बाहेर ढकलला जातो.

(अवांतर: हीच हद्द एफ/७ ला १२० च्या आसपास, एफ/४ ला ४०, आणि एफ/२ ला जेमतेम १०. एफ/२ वाले सतत टिल्टबद्दल कण्हत का असतात ते यावरून कळावं.)

आता उतार काढू. वरच्या आणि खालच्या बाजूत १४ पावलं, म्हणजे सेन्सरच्या १५.७ मिमी उंचीत ५६ मायक्रॉन. डाव्या-उजव्यात ७ पावलं, २३.५ मिमी रुंदीत २८ मायक्रॉन. टिल्ट प्लेटचे स्क्रू कसे आहेत?

रात्रपाळी

तीन जागी ढकल-ओढ अशा जोड्या. एक वर, दोन खाली. मध्यापासून साधारण ४० मिमीवर. स्क्रू एम३.

दुर्बिणकर

म्हणजे वरचा स्क्रू आणि खालची जोडी यांच्यात उभं अंतर ६० मिमी. सेन्सरवर ५६ मायक्रॉन दिसतात म्हणून स्क्रूही ५६ फिरवायचा असं नाही. कोन तोच ठेवून ६० मिमीवर ते २१४ मायक्रॉन होतात. बहुतेकांचा हिशेब इथेच कमी पडतो आणि 'फिरवलं तरी काही फरक नाही' अशी तक्रार येते. खालच्या दोन स्क्रूंमध्ये आडवं अंतर ६९ मिमी, तिथे ८२ मायक्रॉन.

एम३ चा नेहमीचा पिच ०.५ मिमी, एका वळशाला ५०० मायक्रॉन. म्हणून वर साधारण १५५ अंश, अर्ध्या वळशाला थोडा कमी. खाली डावीकडे ३० अंश एका दिशेला, उजवीकडे ३० उलट दिशेला.

दिशा अशी. वरच्या कोपऱ्यांना आकडा मोठा लागतो, म्हणजे त्यांचं फोकस होण्यासाठी नळी बाहेर यावी लागते, म्हणजे सेन्सरची वरची कड भिंगाच्या जास्त जवळ आहे. तिला मागे सारायची, तिथली फट वाढवायची. डावीकडेही तेच.

मृगशीर्ष

थांबा! 'वर' म्हणजे पडद्यावरचं वर की कॅमेऱ्याचं वर? फिट्स (खगोलचित्रांची) फाइल काही सॉफ्टवेअर खालून वर वाचतात, काही वरून खाली. चित्र उलटं दिसत असेल तर दुरुस्तीच उलटी होईल.

सोपा उपाय: कॅमेरा दुर्बिणीवरून काढा, उजेड थोडा कमी करून तोंडाशी वरच्या बाजूने एक कार्ड अर्धं आडवं धरा आणि छोटं एक्स्पोजर घ्या. मध्ये भिंग नसल्यामुळे सावली ज्या बाजूला कार्ड त्याच बाजूच्या सेन्सरवर पडते. चित्रात ती कुठे दिसते ते पाहा. तसंच डावीकडून. मग प्लेटवर मार्करने खुणा करून टाका. अंधारात परत शोधत बसायला नको.

अंधारवेडा

आणि ओढणारा स्क्रू आधी सैल करा, मग ढकलणारा फिरवा, मग ओढणारा हलकेच बसवा. दोन्ही एकमेकांविरुद्ध करकचून आवळले तर प्लेट वाकते आणि टिल्टच्या जागी नवीनच दुखणं.

निशिगंध

आकाश मोकळं नसेल त्या रात्रींसाठी लेझरची पद्धतही आहे. कॅमेरा एका गोल घरात बसवायचा, जेणेकरून तो आपल्याच अक्षाभोवती फिरेल. कमी शक्तीचा लेझर सेन्सरवर थोड्या कोनात सोडायचा आणि परावर्तित ठिपका समोरच्या भिंतीवर पाहायचा. कॅमेरा फिरवताना ठिपका जागेवर राहिला तर सेन्सर सरळ. त्याने वर्तुळ काढलं तर तिरपा, आणि जेवढं मोठं वर्तुळ तेवढा जास्त तिरपा.

ठिपके दोन-तीन दिसतात. खिडकीच्या काचेचे साधे असतात. सेन्सरच्या ठिपक्याभोवती मात्र पिक्सेलांमुळे लहान ठिपक्यांची जाळी दिसते. तोच पाहायचा. एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, टिल्ट (३६ मिमी रुंदीत १० मायक्रॉन) एक मीटरवर सव्वा मिमीपेक्षा लहान वर्तुळ देतो, म्हणून भिंत जितकी लांब तितकं बरं. डोळे सांभाळा, परावर्तित किरणही किरणच असतो.

खगोलखोर

सेन्सर सरळ बसला तरी पुढचे अ‍ॅडॉप्टर तिरपे असतील तर?

निशिगंध

तर अर्थातच उपयोग नाही. लेझर फक्त कॅमेऱ्याचं तोंड आणि सेन्सर यांच्याबद्दल सांगतो. शेवटचा निकाल ताऱ्यांचाच. माझं मत: रात्रपाळींसारखे कोपऱ्यांचे आकडे मिळत असतील तर लेझरची गरज नाही. मी तो वापरते ते ढगाळ हंगामात हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून.

दुर्बिणकर

थोडं अवांतर, पण राहवत नाही. चिलीतल्या रुबिन वेधशाळेच्या कॅमेऱ्यात नाभीय प्रतलाच्या चारही कोपऱ्यांत खास सेन्सर बसवले आहेत, त्यांचा एक भाग फोकसच्या अलीकडे आणि एक पलीकडे. त्या विस्फारलेल्या ताऱ्यांवरून दोष काढतात आणि षट्पाद यंत्रणा कॅमेरा आणि दुय्यम आरसा हलवून जुळवून घेते. पद्धत आपलीच, चार कोपरे मोजा आणि कल सुधारा. फक्त तिथे पाना घेऊन कुणी उभं नसतं.

रात्रपाळी

कार्डाची सावली पाहिली आणि मृगशीर्ष यांचे आभार मानले: माझ्या पडद्यावरचं वर म्हणजे कॅमेऱ्याचं खाली! डावं-उजवं सरळ आहे, फक्त वर-खाली उलट. त्याप्रमाणे कॅमेरा १८० अंश फिरवून बसवणार होतो, म्हणजे एकटा स्क्रू पडद्यावरच्या 'वर'कडे... नाही, प्लेट कॅमेऱ्यालाच जोडलेली आहे, तीही सोबत फिरते. म्हणून वरचा स्क्रू तसाच ठेवला आणि खालच्या दोघांची फट वाढवली, डाव्याची थोडी जास्त, उजव्याची थोडी कमी. नवे आकडे:

डावा वर १२४०२
उजवा वर १२४०४
डावा खाली १२४००
उजवा खाली १२४०१
मध्य १२४०८

४ पावलं, १६ मायक्रॉन. डावा वरचा कोपरा सुजत नाही आता! पण चारही कोपऱ्यांत थोडा थोडा लांबटपणा उरलाय, सगळीकडे सारखाच, रोख मध्याकडे.

अंधारवेडा

अभिनंदन, टिल्ट संपला. उरलंय ते पहिल्या आकड्यांतही होतं, फक्त टिल्टच्या गोंधळात लपलं होतं. कोपऱ्यांची सरासरी तेव्हाही १२४०२ च्या आसपास आणि मध्य १२४०८. कोपरे आपसात जुळतात पण मध्याशी जुळत नाहीत, म्हणजे प्रतल सरळ आहे पण क्षेत्र वक्र आहे. यावर टिल्ट प्लेट काहीही करू शकत नाही. हा बॅकफोकस.

रोख मध्याकडे असेल तर सेन्सर बहुधा फ्लॅटनरच्या जास्त जवळ, केंद्राभोवती फेर धरल्यासारखे असतील तर बहुधा जास्त लांब. काही फ्लॅटनरना हे उलट लागू होतं, म्हणून 'बहुधा'. ड्रॉवरमधला फिल्टर किती जाडीचा?

रात्रपाळी

२ मिमी. ५५ मध्ये तो धरलेला नाही.

मृगशीर्ष

सापडला. काचेतून जाताना फोकस जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने मागे सरकतो. २ मिमीला ०.६७. तुम्हाला ५५ नाही, ५५.७ च्या आसपास हवेत. ०.५ आणि ०.२ च्या पातळ रिंगा घाला. प्लास्टिकच्या चालतील, पण दोन्ही पृष्ठभाग पुसून घ्या. रिंगेखाली अडकलेला कचऱ्याचा एक कण पुन्हा नवा टिल्ट देतो.

रात्रपाळी

रिंगा घातल्या की आट्या वेगळ्या जागी थांबतील आणि कॅमेरा फिरेल. मग जुळवलेला टिल्ट बिघडणार नाही का?

अंधारवेडा

तुमच्या बाबतीत नाही. दोष कॅमेऱ्यातच होता आणि दुरुस्तीही कॅमेऱ्याच्याच प्लेटवर केली, त्यामुळे दोघे एकत्र फिरतात. दुर्बिणीकडचा दोष कॅमेऱ्याच्या प्लेटवर काढला असता तर मात्र प्रत्येक फ्रेमिंगला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

ध्रुवबाळ

आणि फ्लॅट्स (धुळीचे डाग काढायला घेतलेल्या सारख्या उजेडाच्या फ्रेम)? जुने चालतील का?

दुर्बिणकर

नाही. कॅमेरा फिरला, अंतर बदललं, म्हणजे धुळीच्या कड्यांच्या जागा आणि आकार दोन्ही बदलले. नवे घ्या. तुमच्या न्यूटोनियनचं कॉलिमेशन झालं की तिचे कोपऱ्यांचे आकडे वेगळ्या धाग्यात टाका, इथे गर्दी होईल.